यंत्रविद्येचा एक जुना ग्रंथ आणि आमच्या विहिरीवरील चाक
(उपदेशक, शिक्षक व मंडळीतील वाचक यांच्यासाठी अभ्यासाचा पाठ)

अंबड तालुक्यातील एका खेड्यात काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ एक यंत्र घेऊन आला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते यंत्र एकदा हाताने सुरू केले की पुढे विजेवाचून, डिझेलवाचून व बैलांवाचून अखंड चालणार, विहिरीचे पाणी उपसणार आणि वर घरात दिवाही लावणार. रात्री केव्हा वीज येईल आणि पंप केव्हा सुरू होईल ह्याची वाट पाहत बांधावर जागणाऱ्या शेतकऱ्यास ह्याहून गोड वार्ता ती कोणती? आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने बैलजोडी विकून आलेल्या पैशांतून त्यास विसार दिला. देण्यापूर्वी घरच्या वडील माणसाने गावच्या उपदेशकास विचारले होते, "दादा, असे यंत्र असू शकते काय?" उपदेशकाने प्रामाणिकपणे उत्तर दिले की, आपणास ते ठाऊक नाही. यंत्र आले नाही, विसार परत मिळाला नाही आणि बैलही गेले.

त्या वडील माणसाच्या प्रश्नाचे उत्तर चारशे वर्षांपूर्वीच ग्रंथांत छापले गेले आहे. ते समजण्यास मोठे गणित लागत नाही. विहीर, पहार, तराजू आणि बैलगाडी ही ज्यांच्या ओळखीची आहेत त्यांस ते सहज समजेल. म्हणून प्रस्तुत पाठात आम्ही एका जुन्या व दुर्मिळ ग्रंथाची ओळख करून देणार आहोत, आणि त्यातील मुख्य सिद्धांत आमच्याच गावच्या वस्तूंवर पडताळून पाहणार आहोत.

१. ग्रंथ व ग्रंथकार

इटली देशात पेसारो नावाचे शहर आहे. तेथे १५४५ साली ग्विदोबाल्दो देल मोंते ह्या सरदार घराण्यातील पुरुषाचा जन्म झाला. त्याने पादुआ येथील विद्यापीठात काही काळ अध्ययन केले, हंगेरीतील युद्धात भाग घेतला, आणि पुढे फेदेरिको कोमांदिनो ह्या थोर गणितज्ञाचा शिष्य होऊन प्राचीन ग्रीक पंडितांच्या ग्रंथांचा अभ्यास केला. त्या अभ्यासाचे फळ म्हणून १५७७ साली पेसारो येथेच त्याचा 'मेकानिकोरुम लिबेर' म्हणजे 'यंत्रविद्येचा ग्रंथ' लॅटिन भाषेत छापून निघाला. ह्याच्या मूळ प्रती आता फार थोड्या उरल्या असून त्या मोठमोठ्या ग्रंथालयांत जपून ठेवलेल्या आहेत.

ह्या ग्रंथाचे महत्त्व कशात आहे? जड वस्तू थोड्या बळाने उचलण्याची साधने मनुष्यास फार पुरातन काळापासून ठाऊक होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नामक पंडिताने अशी पाच साधने मोजली होती, आणि चौथ्या शतकातील पॅपस नामक पंडिताच्या लेखनातून ती माहिती पुढे आली. परंतु ती जुन्या हस्तलिखितांत विखुरलेली होती. ग्विदोबाल्दोने ती एकत्र केली, प्रत्येकीस आकृत्या व सिद्धता जोडल्या, आणि मुळात ह्या सर्वांत एकच तत्त्व आहे असे दाखवण्याचा यत्न केला. त्याच्या ग्रंथात सहा प्रकरणे आहेत. पहिले तराजूचे, त्यानंतर तरफ, कप्पी, चाक व आस, पाचर आणि मळसूत्र अशी पाच साधनांची पाच. बाकीची सर्व साधने तरफेचीच रूपे होत, आणि तरफ कळली म्हणजे सर्व कळली, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय.

आता ही प्रकरणे आपण आपल्या गावात वाचू.

२. तराजू आणि पहार

तराजूची दांडी मध्यबिंदूवर टांगलेली असेल आणि दोन्ही पारड्यांत समान वजन असेल तर दांडी समतोल राहते. परंतु टांगण्याचा बिंदू किंचित एका बाजूस सरकवला तर काय होईल? समजा, दांडीची एक बाजू २४ सेंटिमीटर व दुसरी २५ सेंटिमीटर आहे, आणि रिकामी असता ती समतोल दिसावी म्हणून पारड्यात गुप्तपणे भर घातलेली आहे. दुकानदाराने आखूड बाजूस १ किलोचे वजन ठेवले व लांब बाजूस साखर घातली, तर ९६० ग्रॅम साखरेतच दांडी सरळ होईल. वजनावर सरकारी शिक्का आहे, दांडी सरळ आहे, तरी ४० ग्रॅम गेले! उपाय सोपा आहे. माल व वजन यांची पारडी बदलून पाहावी. तराजू खरा असेल तर दांडी पुन्हा सरळ राहील. खोटा असेल तर तेथल्या तेथे उघडा पडेल.

ह्यावरून नियम निघतो तो असा की, केवळ वजन पुरेसे नाही. ते टेकूपासून किती अंतरावर आहे हेही मोजले पाहिजे. वजन व अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंस समान झाला म्हणजे समतोल होतो.

हाच नियम पहारीस लावू. शेतातील धोंडा काढताना आपण पहारीचे टोक त्याखाली घालतो व जवळच लहान दगडाचा टेकू देतो. पहार ६० इंच लांब आहे व टेकू धोंड्याच्या टोकापासून ६ इंचांवर आहे असे समजा. हाताकडील बाजू ५४ इंच झाली, म्हणजे धोंड्याकडील बाजूच्या नऊपट. तेव्हा हाताने २० किलोंचा भार दिला असता धोंड्याकडील टोकावर १८० किलो तोलले जातात. एकटा मनुष्य चार माणसांचे काम करतो असे वाटते.

परंतु वाचकांनी येथे क्षणभर थांबून पाहावे. धोंडा एक बोट वर आला तेव्हा आपला हात किती खाली गेला? नऊ बोटे! बळ नऊपट वाढले, पण अंतरही नऊपट द्यावे लागले. १८० गुणिले १ आणि २० गुणिले ९, दोन्ही बाजूंचा हिशेब सारखाच येतो. पहारीने आपणास काही दान दिले नाही. तिने देवघेव केली. जे काम एका जोराच्या हिसक्यात आपल्याच्याने होत नव्हते, ते तिने लांब पल्ल्यावर पसरवून आपल्या बेताचे करून दिले.

३. विहिरीवरील चाक

मोट आता आमच्या भागात जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. विहिरींवर विजेचे पंप बसले, आणि गोदावरीच्या बाजूस जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले. तथापि वडील मंडळींस मोटेचे चाक, नाडा, सोंदूर आणि बैलांची उताराची धाव आठवत असेलच. त्या चाकाविषयी एक चुकीची समजूत सर्वत्र आढळते. चाकामुळे ओझे हलके होते असे लोक म्हणतात. तसे होत नाही. एका जागी बसवलेल्या एकट्या चाकावरून दोर गेला असता जितके ओझे तितकाच जोर लावावा लागतो. मग चाकाचा उपयोग काय? ते जोराची दिशा बदलते. ओझे वर यावयाचे आहे, पण बैलास वर ओढता येत नाही. तो पुढे चालू शकतो. शिवाय धाव उताराची असल्यामुळे बैलाच्या शरीराचा भारही ओढण्यास साह्य करतो. ज्या अनाम कारागिराने चाक व धाव ह्यांची अशी सांगड घातली त्याने कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता. परंतु ग्रंथात जे लिहिले आहे ते त्याच्या हातास ठाऊक होते.

ओझे खरोखर हलके करावयाचे असेल तर दुसरी कप्पी ओझ्याबरोबर वर येणारी हवी. तेव्हा ओझे दोराच्या दोन पदरांवर वाटले जाते व निम्मा जोर पुरतो. मात्र ओझे एक हात वर येण्यास दोर दोन हात ओढावा लागतो. पुन्हा तीच देवघेव!

खुंट्यांचा रहाट हे चाक व आस यांचे उदाहरण. दोर गुंडाळला जातो त्या लाकडाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर १० सेंटिमीटर आणि हातात येणाऱ्या खुंटीच्या टोकापर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर असेल तर १२ किलोंची घागर ३ किलोंच्या जोराने तोलली जाते. पण हात चौपट मार्ग फिरतो. नीट पाहिले तर रहाट ही सतत फिरणारी तरफच आहे. ग्विदोबाल्दोचे म्हणणे येथे डोळ्यांसमोर सिद्ध होते.

४. पाचर, मळसूत्र आणि चढण

ओंडका फोडताना आपण पाचर ठोकतो. पाचर बरीच आत जाते तेव्हा लाकूड थोडेसेच फाकते, परंतु मोठ्या जोराने फाकते. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली पाचर, हे ग्विदोबाल्दोने स्पष्ट केले आहे. कागदाचा तिरका तुकडा कापून पेन्सिलीभोवती गुंडाळला तर मुलांसही हे समजेल. ट्रॅक्टरच्या चाकाखाली आपण मळसूत्राचा जॅक लावतो. दांडा एक पूर्ण वेढा फिरवतो तेव्हा हात दीड मीटरहून अधिक फिरतो आणि ट्रॅक्टर केवळ काही मिलिमीटर वर येतो. बळाचा लाभ शेकडोपट दिसतो, पण त्यातील पुष्कळसा भाग घर्षण खाऊन टाकते. मात्र हेच घर्षण हात सोडल्यावर जॅक उलट फिरू देत नाही. आपण ज्यास नुकसान म्हणतो तेच येथे ट्रॅक्टराखाली वाकलेल्या मनुष्याचा जीव राखते.

राहिली चढण. अंबड गावालगतची मत्स्योदरीची टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे की, कोणत्याही टेकडीवर सरळ चढणे दम घालवते. तिरकी वाट लांब असते, पण सोपी असते. ६ फूट लांबीच्या फळीवरून २ फूट उंच गाडीत पिंप लोटीत न्यावे तर सरळ उचलण्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका जोर पुरतो, आणि मार्ग तिप्पट होतो. पुढील काळात ह्या चढणीस सहावे साधन म्हणून मान मिळाला.

५. मोठ्या ग्रंथातील चूक

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चढणीचा हिशेब ग्विदोबाल्दोस बरोबर साधला नाही. त्याने पॅपसाचे मत प्रमाण मानले. गुळगुळीत सपाट भूमीवरही गोळा हलवण्यास ठराविक बळ लागतेच असे पॅपसाने धरले होते, आणि त्यावरून चढणीचे गणित मांडले होते. पायाच तिरका असल्यामुळे भिंत तिरकी झाली. मध्ययुगातील एका लेखनात ह्याचे बरोबर उत्तर येऊन गेले होते, परंतु ते ग्विदोबाल्दोने मानले नाही. विद्वान, प्रामाणिक व परिश्रमी पुरुषही केवळ जुन्या नावाच्या आदरामुळे चुकू शकतो, हे आम्ही विसरू नये. छापील अक्षर आहे एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी ठरत नाही. ती वस्तूवर पडताळून पाहिली पाहिजे.

चढणीचे खरे उत्तर १५८६ साली सायमन स्टेव्हिन ह्याने प्रसिद्ध केले, आणि त्याची युक्ती मोठी सुंदर आहे. त्याने एक त्रिकोणी ठोकळा कल्पिला. त्याची एक उतरती बाजू दुसरीच्या दुप्पट लांब. त्यावर समान वजनाच्या चौदा गोळ्यांची माळ घातली: लांब बाजूवर चार, आखूड बाजूवर दोन, आणि बाकीचे आठ खाली लोंबकळत. आता चार गोळे दोहोंपेक्षा जड, म्हणून माळ त्या बाजूस सरकेल काय? सरकली तर एक गोळा खाली गेल्यावर त्याच्या जागी मागचा येईल आणि मांडणी पूर्वीसारखीच होईल. म्हणजे माळ पुन्हा सरकेल, आणि अशी ती कोणी न लोटता अनंतकाळ फिरत राहील. हे अशक्य, असे स्टेव्हिन म्हणतो. म्हणून माळ स्थिर राहते. म्हणून लांब चढणीवरील चार गोळे आखूड चढणीवरील दोहोंस तोलतात. म्हणून चढण जितकी लांब तितका जोर कमी. आपोआप चालणारे यंत्र असू शकत नाही, ह्या एका सत्यावर त्याने सर्व सिद्धांत उभा केला.

पुढे गॅलिलिओने हे आणखी स्पष्ट केले. त्यास १५८९ साली पिसा येथे अध्यापकाची जागा मिळवून देण्यात ग्विदोबाल्दोचे साह्य होते. यंत्रविद्येवरील आपल्या लहान ग्रंथाच्या आरंभीच गॅलिलिओने लिहिले आहे की, यंत्राने निसर्गास फसवता येईल अशी आशा कित्येक कारागीर धरतात, आणि शेवटी स्वतःच फसतात. तो ग्रंथ फ्रेंच भाषेत १६३४ साली छापला गेला, आणि मूळ इटालियनमध्ये त्याच्या मृत्यूनंतर १६४९ साली.

६. ज्ञान कोणाच्या भाषेत?

ग्विदोबाल्दोचा ग्रंथ लॅटिन भाषेत होता. ती विद्वानांची भाषा. दोर ओढणाऱ्यास, तोफा चढवणाऱ्यास, तट बांधणाऱ्यास ती येत नव्हती. म्हणून चारच वर्षांनी, १५८१ साली, फिलिप्पो पिगाफेत्ता ह्याने त्याचे लोकांच्या इटालियन भाषेत भाषांतर करून ते व्हेनिस येथे छापवले. स्टेव्हिनने तर आपला ग्रंथ लॅटिनमध्ये न लिहिता आपल्या डच लोकांच्या भाषेतच लिहिला. ज्याच्या हातात यंत्र आहे त्याच्या भाषेत यंत्राचे ज्ञान असावे, हे ह्या पुरुषांनी ओळखले होते.

आमच्या मराठीतही हे काम करणारे निघाले. आमच्या वाचकांस 'यात्रिक क्रमण' हे पुस्तक परिचित आहे. १८४१ साली ते मराठीत आणणारे हरि केशवजी पाठारे (१८०४–१८५८) हे मुंबईचे गृहस्थ. परंतु त्याच्या आठ वर्षे आधी, १८३३ साली, त्यांनी 'सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले होते, आणि १८३७ साली 'रसायनशास्त्रविषयक संवाद' हे दुसरे. पुस्तकाचे नाव लांबलचक असले तरी त्यातील 'संवाद' हा शब्द लक्षात घ्यावा. विचारावे, उत्तर मिळावे, पुन्हा शंका काढावी, अशी ही रीत. आमच्या खेड्यांतील प्रश्नोत्तरांच्या पाठांसारखीच.

तो काळ वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला होता. बाळशास्त्री जांभेकर ह्यांचे 'दर्पण' पत्र १८३२ साली सुरू झाले होते. पदार्थविज्ञान मराठीत लिहावयाचे तर रुळलेले शब्द हाताशी नव्हते. प्रत्येक कल्पनेसाठी शब्द शोधावा किंवा घडवावा लागे. तरी मराठी ही केवळ पोथीची व हिशेबाची भाषा नसून शास्त्राचीही होऊ शकते, हा विश्वास धरून ते लिहीत राहिले. त्यांची ती पुस्तके आता दुर्मिळ झाली आहेत. परंतु टेकू, कप्पी, पाचर, मळसूत्र हे शब्द सुताराच्या व लोहाराच्या तोंडी अद्याप जिवंत आहेत. शास्त्र मराठीत सांगण्यास आणखी कोणती पूर्वतयारी हवी?

७. त्या गृहस्थाच्या यंत्राचे उत्तर

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. त्या यंत्राची रचना अशी सांगण्यात आली होती: विजेची मोटार एक जड चक्र फिरवील, चक्र जनित्र फिरवील, जनित्राच्या विजेने तीच मोटार चालेल, आणि चक्र जड असल्यामुळे वीज उरेल, ती पंपास मिळेल.

आपल्या नियमाने पाहू. जड चक्र बळ साठवते, निर्माण करीत नाही. कणगीत जितके धान्य घातले तितकेच निघते. कणगी मोठी केली म्हणून धान्य वाढत नाही. शिवाय प्रत्येक टप्प्यावर घर्षण व उष्णता आपला वाटा घेतात. समजा, मोटारीस १०० भाग दिले. चक्रापर्यंत ८५ पोहोचले. पट्टा व धारव्यांतून ८० उरले. जनित्रातून ६८ बाहेर आले. ज्या मोटारीस १०० हवेत तिला हे ६८ कसे पुरतील? पंपास देण्याची गोष्ट दूरच! यंत्र काही वेळ फिरेल, मंद होईल व थांबेल. फिरतच राहिले तर कोठेतरी लपवलेली तार किंवा बॅटरी आहे असे निश्चित समजावे. हीच स्टेव्हिनची चौदा गोळ्यांची माळ; फक्त तिला रंग दिलेला आहे.

सूर्यप्रकाशावरील पंपाविषयी मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. तो आपोआप चालत नाही. त्यास सूर्य बळ देतो, आणि सूर्य मावळला की तो थांबतो. पवनचक्कीस वारा बळ देतो. म्हणून कोणतेही नवे यंत्र दाखवले असता एकच प्रश्न विचारावा: "ह्यास बळ कोठून मिळते?" ज्यास ह्याचे सरळ उत्तर देता येत नाही त्यास विसार देऊ नये.

ज्या उपदेशकाने "मला ठाऊक नाही" असे म्हटले त्यास आम्ही दोष देत नाही. न जाणता होय म्हणण्यापेक्षा ते बरे होते. परंतु पुढच्या वेळी तो प्रश्न कोणी विचारील तेव्हा आमच्यापैकी प्रत्येकास उत्तर देता यावे. पहार घराच्या कोपऱ्यात आहे, तराजू दुकानात आहे. पाठ घेण्यास एवढे साहित्य पुरे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तराजू खोटा आहे किंवा नाही हे वजने न बदलता कसे ओळखावे?

२. मोटेच्या चाकाने ओझे हलके होत नाही, तर त्याचा उपयोग काय? धाव उताराची का असे?

३. ६० इंच लांबीच्या पहारीस टेकू टोकापासून १० इंचांवर दिला तर बळ किती पट होईल? धोंडा २ इंच वर आणण्यास हात किती इंच खाली न्यावा लागेल?

४. जॅकमधील घर्षणाने नुकसान कोणते व हित कोणते?

५. चौदा गोळ्यांच्या माळेवरून स्टेव्हिनने काय सिद्ध केले? त्यासाठी माळा व सुपाऱ्या घेऊन मुलांसमोर प्रयोग मांडून पाहावा.

६. आपल्या गावातील सुतार व लोहार यांच्याकडे जाऊन यंत्रांच्या अवयवांची दहा मराठी नावे मिळवावी व पाठाच्या वेळी सर्वांस वाचून दाखवावी.